वॉशिंग्टनची ‘मतमोजणीची भांडणं’ वॉकिंग टूर : ४ स्टार, पाचवा माझ्या गुडघ्यांनी कापला

आधी कामाचं सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. माणशी ३५ डॉलर, तीन तास म्हणतात पण साडेतीन होतात, टूर इंग्लिशमधून, गाईड एकच, ग्रुप बारा जणांचा. मध्ये एक मेट्रो प्रवास आहे त्याचं तिकीट आपलं आपण काढायचं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण खाली दोन-तीन तक्रारी आहेत आणि मला कुणाशी भांडायचं नाही. आणि कॅपिटलच्या, म्हणजे त्यांच्या संसद भवनाच्या, आत ही टूर जात नाही हे नीट वाचा, आतली टूर सरकारी असते, फुकट असते, तिचं बुकिंग वेगळं. आमच्या ग्रुपमधल्या एका जोडप्याला हे तिथे उभं राहिल्यावर कळलं, मग बाईंचं तोंड शेवटपर्यंत उतरलेलंच.

आता मी कोण ते सांगते, त्याशिवाय माझं कौतुक आणि माझी कुरकुर दोन्ही कळणार नाही. मी साताऱ्याकडची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झाले. इलेक्शन ड्युट्या किती केल्या विचारू नका, लोखंडी मतपेट्या होत्या तेव्हापासून ते ईव्हीएमपर्यंत. शेवटच्या तीन वेळा केंद्राध्यक्ष होते. लाख, मेणबत्ती, सुतळी, हिरवी पेपर सील, मतांच्या हिशेबाचा तो १७-सी फॉर्म, एजंटांच्या सह्या, आणि रात्री दोनला तहसीलच्या मांडवात पेटी जमा करायला लागलेली रांग, हे सगळं अंगात मुरलेलं आहे. लेक हर्नडनला राहते, व्हर्जिनियात. सप्टेंबरमध्ये गेले होते. जावई म्हणाले, आई, तुम्हाला म्युझियम बघून कंटाळा आला असेल तर ही बघा टूर, अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाच्या मतांवर भांडण झालं की संसद काय करते त्यावर आहे. मी म्हटलं हे माझ्याच खात्यातलं काम आहे, चला.

सिल्व्हर लाईनने मॅकफर्सन स्क्वेअरला उतरायचं. ईमेलमध्ये भेटायची जागा एक लिहिलेली आणि गाईड उभा भलतीकडेच, रस्त्यापलीकडे. १० मिनिटं आम्ही एकमेकांना शोधत होतो, नात वैतागली. ही तक्रार नंबर एक. गाईड म्हणजे एक रिटायर्ड इतिहास शिक्षक, सत्तरीचे असतील, टोपी, छत्री, आणि हातात चामडी पट्टा मारलेली लाकडी पेटी. पेटी बघितली आणि मला माणूस आपला वाटला.

पहिला थांबा पंधरावा रस्ता आणि एच स्ट्रीटचा कोपरा. इथे बघायला काही नाही. खरंच नाही. एकेकाळी इथे वर्मली यांचं हॉटेल होतं, जेम्स वर्मली हे कृष्णवर्णीय गृहस्थ, आणि त्यांच्या हॉटेलात बड्या बड्या लोकांची ऊठबस. २६ फेब्रुवारी १८७७ ला दोन्ही पक्षांची माणसं इथे बसली आणि दक्षिणेतलं केंद्राचं सैन्य काढून घ्यायचं, त्याच्या बदल्यात डेमोक्रॅट मोजणी पुरी होऊ देणार, असं काहीसं ठरलं. म्हणजे ज्या सैन्याच्या आधारावर नुकतेच गुलामीतून सुटलेले लोक दक्षिणेत मत देऊ शकत होते ते सैन्य काढायची बोलणी झाली ती एका कृष्णवर्णीय माणसाच्या हॉटेलात. गाईडने हे सांगून झाल्यावर अर्धा मिनिट गप्प राहून समोरच्या इमारतीकडे बघितलं. मीही बघितलं. पण मला विचाराल तर गोष्टीचा शेवट पहिल्या थांब्यावर सांगायचा म्हणजे चौथीच्या मुलांना आधी उत्तर सांगून मग गणित घालण्यासारखं आहे. मूळ भांडण काय तेच अजून कुणाला माहीत नव्हतं.

भांडण असं. १८७६ ची निवडणूक. डेमोक्रॅट टिल्डन, न्यूयॉर्कचे गव्हर्नर. रिपब्लिकन हेज, ओहायोचे गव्हर्नर. अमेरिकेत लोक थेट राष्ट्राध्यक्ष निवडत नाहीत हे आता सगळ्यांना माहीत असतं, राज्याराज्याचे इलेक्टर असतात आणि ते मत देतात. तेव्हा एकूण ३६९, बहुमताला १८५. टिल्डनकडे वादाशिवायची १८४. एक कमी. फक्त एक! हेजकडे १६५. आणि २० मतं अडकलेली, फ्लोरिडा ४, लुइझियाना ८, साउथ कॅरोलायना ७ आणि ऑरेगॉनचं १. दक्षिणेतल्या तिन्ही राज्यांतून वॉशिंग्टनला एकापेक्षा जास्त निकालपत्रं आली, आमचंच खरं म्हणून. मतदारांना धमकावलं, मतपत्रिकांत घोळ केला, असे आरोप दोन्हीकडून. ऑरेगॉनचं तर अजून मजेशीर, तिथला एक इलेक्टर पोस्टमास्तर निघाला आणि केंद्र सरकारचा नोकर इलेक्टर होऊ शकत नाही असं त्यांची घटना सांगते, तर गव्हर्नरने त्याला काढून विरुद्ध पक्षाचा माणूस बसवला. पोस्टमास्तर! आमच्याकडे ड्युटीच्या यादीत निवृत्त झालेले, मेलेले सगळे येतात, पण निदान निकाल अडत नाही.

इथून मेट्रोने कॅपिटल साउथ. हेडसेट देतात कानात घालायला, त्यातला माझा खरखर करत होता आणि प्लॅटफॉर्मवर तर पूर्ण बंद. तक्रार नंबर दोन. बदलून मागितला तर जादा आणलेला नव्हता. बारा माणसांमागे एकही जादा नाही? आम्ही प्रत्येक बूथवर शाईच्या बाटल्या दोन न्यायचो.

कॅपिटलच्या पूर्वेला मोठमोठी झाडं आहेत, झाडांना नावाच्या पाट्या, सावली छान, आणि समोर रस्त्यापलीकडे सुप्रीम कोर्ट. इथे टूर खरी सुरू होते आणि इथेच ती पैसे वसूल करते.

गाईडने एक कागद वाचून दाखवला, घटनेच्या बाराव्या दुरुस्तीतलं वाक्य. सिनेटचा (म्हणजे वरच्या सभागृहाचा) अध्यक्ष, जो देशाचा उपराष्ट्राध्यक्षच असतो, दोन्ही सभागृहांसमोर सगळी प्रमाणपत्रं उघडेल ‘आणि मग मतं मोजली जातील’. झालं. संपलं. मोजली जातील, पण कोण मोजणार? दोन प्रमाणपत्रं आली तर कुठलं धरायचं? काही नाही. गाईड म्हणाले कर्ता शोधा. मला हसूच आलं, मी ३० वर्षं मुलांना हेच विचारत आले की कर्मणी प्रयोगात कर्ता कुठे लपला ते शोधा, आणि एका अख्ख्या देशाने तो १८७७ पर्यंत शोधलाच नव्हता. १८०१ मध्ये जेफरसन स्वतः उमेदवार आणि स्वतःच सिनेटचे अध्यक्ष, जॉर्जियाचं प्रमाणपत्र नमुन्यात बसत नव्हतं तरी त्यांनी ते स्वतःच्याच खात्यात धरलं आणि पुढे गेले. १८७३ मध्ये लुइझियाना आणि आर्कान्सॉ या दोन राज्यांची मतं काँग्रेसने, म्हणजे त्यांच्या संसदेने, सरळ बाजूला ठेवली, आणि जॉर्जियाच्या तीन इलेक्टरांनी वारलेल्या उमेदवाराला, ग्रीली यांना, मत दिलेलं तेही धरलं नाही. तेव्हा दोनपैकी कुठलंही एक सभागृह नको म्हटलं की मत बाद असा नियम होता. १८७६ च्या सुरुवातीला तो नियमही सिनेटने सोडून दिला आणि त्याच वर्षी ही भानगड. सिनेट रिपब्लिकनांचं, प्रतिनिधीगृह, म्हणजे खालचं सभागृह, डेमोक्रॅटांचं. म्हणजे पंच कोण यावरच मॅच अडली.

मग त्यांनी केलं काय तर १५ जणांचा आयोग नेमला. ५ सिनेटर, ५ प्रतिनिधी, ५ सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश. राजकारणी पाच-पाच, न्यायाधीश दोन-दोन, म्हणजे ७ इकडचे ७ तिकडचे, आणि पंधरावा माणूस जो कुणाचाच नाही, न्यायमूर्ती डेव्हिड डेव्हिस.

आता गाईडने कार्डं वाटली. एकेका सदस्याचं नाव, फोटो, पक्ष. माझ्या नातीला गारफिल्ड आले, ते पुढे राष्ट्राध्यक्ष झाले म्हटल्यावर तिची मान ताठ. जावयांना क्लिफर्ड, आयोगाचे अध्यक्ष, डेमोक्रॅट. लेकीला एक सिनेटर. एका उंच टेक्ससच्या काकांना डेव्हिसचं कार्ड, सगळे त्यांच्याकडे बघून हसतायत, काका एकदम महत्त्वाचे झाले. मला कार्ड नाही. मला म्हणाले तुम्ही जरा थांबा. मी म्हटलं हेडसेट नाही, आता कार्डही नाही, ३५ डॉलर कशाचे? उरलेली चार कार्डं त्यांनी बाकावर दगडाखाली ठेवली, त्यांची मतं ते स्वतः पक्षाप्रमाणे देणार.

आणि मग काकांच्या हातातलं कार्ड काढून घेतलं. अभिनंदन, इलिनॉयच्या विधानसभेने तुम्हाला सिनेटवर निवडून दिलंय! तेव्हा सिनेटर विधानसभा निवडायची, आणि तिथल्या डेमोक्रॅटांनीच डेव्हिसना मतं देऊन निवडून आणलं, तेही आयोगाचा कायदा होत असतानाच. डेव्हिस म्हणाले मी काही आयोगावर येत नाही. स्वतःच्या हाताने पायावर धोंडा म्हणतात तो हा. कोर्टात उरलेले सगळे रिपब्लिकनच, त्यातल्या त्यात बरे म्हणून घेतले जोसेफ ब्रॅडली. ते कार्ड माझ्या हातात दिलं. एकदम सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले.

पहिला खटला फ्लोरिडा, कारण मोजणी राज्यांच्या आद्याक्षरांप्रमाणे चालते. आमच्यापुढे तीन कागद ठेवले. एकावर तेव्हाच्या गव्हर्नरची सही, मतं हेजला. दुसऱ्यावर राज्याच्या ॲटर्नी जनरलची सही, मतं टिल्डनला. तिसरा मागाहून आलेला, नव्या गव्हर्नरच्या सहीचा, पुन्हा टिल्डन. प्रश्न एकच, सहीशिक्क्याच्या मागे जाऊन खालची मतं, साक्षी, पुरावे तपासायचे की सही आहे ना मग संपलं? जावई तावातावाने मागे गेलंच पाहिजे म्हणून बोलायला लागले, चोरी झाली असेल तर डोळे मिटून कसं चालेल, आणि बोलले चांगलं, मला पटत होतं. नातीने त्यांना विरोध केला, कारण गारफिल्डचं कार्ड. सात-सात झाले. आता मी.

खरं सांगते मला घाम फुटला. खेळ आहे कळत होतं तरी. मला आमच्या ट्रेनिंगमधले एक तहसीलदार आठवले, ते म्हणायचे बाई, तुमचं काम पेटी सील करायचं आणि हिशेब जुळवायचा, कोण निवडून यायला पाहिजे होतं ते तुमच्या डायरीत कुठे लिहायला जागा आहे का बघा. मी म्हटलं मागे जायचं नाही. ८ विरुद्ध ७. टेक्ससचे काका ओरडले विकली गेली! ब्रॅडलींवरही तेव्हा हाच आरोप झाला होता, आधी टिल्डनच्या बाजूने लिहिलं आणि रातोरात फिरवलं असा, त्यांनी तो नाकारला. पुढे लुइझियाना ८-७, ऑरेगॉन, साउथ कॅरोलायना, सगळी वादग्रस्त मतं हेजला. वीसच्या वीस. त्याशिवाय जमतच नव्हतं, १६५ अधिक २० म्हणजे बरोब्बर १८५. जनतेची मतं मोजली तर टिल्डन अडीच लाखांच्या आसपास पुढे होते. २ मार्च १८७७ ला पहाटे चारनंतर निकाल जाहीर, ४ मार्चला रविवार म्हणून हेजनी आदल्या दिवशी गुपचूप व्हाइट हाऊसमध्ये शपथ उरकून घेतली. तो आयोग बसला ती खोली कॅपिटलच्या आतच आहे, जुनं सिनेट सभागृह, तेव्हा तिथे सुप्रीम कोर्ट भरायचं. आम्हाला तिचा लॅमिनेट केलेला फोटो दाखवला. फोटो! ५० पावलांवर खोली आणि आम्ही फोटो बघतोय, पण तो दोष टूरचा नाही.

या खेळाला एकट्याला मी पाच स्टार देते. पुस्तकात वाचलं असतं तर ८-७ हा एक आकडा राहिला असता.

पुढचा भाग थोडा धावपळीचा होतो. १८८७ चा कायदा, म्हणजे भांडणानंतर १० वर्षांनी एकदाचे नियम लिहिले, एक सिनेटर आणि एक प्रतिनिधी यांनी लेखी हरकत घेतली की दोन्ही सभागृहं वेगळी बसणार, प्रत्येकाला ५ मिनिटं, जास्तीत जास्त २ तास, आणि दोन्ही सभागृहांनी मान्य केलं तरच मत बाद. गाईड म्हणाले कायद्याची भाषा इतकी गुंतागुंतीची की वकिलांनाही धाप लागायची. १९६१ चा हवाईचा किस्सा मला फार आवडला. निक्सन उपराष्ट्राध्यक्ष म्हणून मोजणीला बसलेले, स्वतःच हरलेले, आणि हवाईतून दोन्ही पक्षांची प्रमाणपत्रं आलेली कारण आधी निक्सन तिथे १४० च्या आसपास मतांनी पुढे होते आणि फेरमोजणीत केनेडी ११५ मतांनी जिंकले. निक्सननी स्वतःच सुचवलं की केनेडीची मतं धरा, फक्त याचा पुढे पायंडा समजू नका. कुणी हरकत घेतली नाही, झालं. २००१ ला उपराष्ट्राध्यक्ष गोर, तेही स्वतःचा पराभव वाचायला उभे, आणि त्यांच्याच पक्षाचे प्रतिनिधी फ्लोरिडाबद्दल हरकत घेतायत पण सोबत एकाही सिनेटरची सही नाही म्हणून गोरच त्यांना एकेक करून बसवतायत. २००५ ला ओहायोवर सही मिळाली, चर्चा झाली, सिनेटने हरकत ७४ विरुद्ध १ ने फेटाळली.

मग पश्चिमेच्या बाजूला नेतात. ६ जानेवारी २०२१ बद्दल सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय. आमच्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजलेले सुरू झालं तेव्हा, मी झोपायला जाणार तर लेकीचा फोन, आई टीव्ही लाव. अलाबामा, अलास्का, तिसऱ्याच राज्याला म्हणजे ॲरिझोनाला हरकत, सभागृहं वेगळी झाली आणि थोड्या वेळात ट्रम्प समर्थकांची गर्दी कॅपिटलच्या आत. गाईडने इथे आवाज चढवला नाही, राजकारण केलं नाही, ग्रुपमध्ये दोन्हीकडचे लोक होते तरी कुणी दुखावलं नाही, याचे मार्क वेगळे द्यायला पाहिजेत. त्यांनी फक्त पेटी पुढे केली. अशा पेट्यांत प्रमाणपत्रं असतात आणि पळापळीत सिनेटच्या कर्मचाऱ्यांनी त्या उचलून सोबत नेल्या. मी पेटी हातात घेतली, उघडून बघितली, कडी बघितली, आणि विचारलं, लाख कुठाय? सील? ते हसले, म्हणाले पाकिटं सीलबंद असतात, पेटीला नसतं. आणि प्रती बऱ्याच असतात, एक सिनेटच्या अध्यक्षांकडे, बाकीच्या राज्याकडे, राष्ट्रीय अभिलेखागाराकडे, एका न्यायाधीशाकडे. म्हटलं मग ठीक. पण पेटी सोडून पळायचं नाही हे त्या पोरींना कुणी शिकवलं असेल ते असो, आमच्या ट्रेनिंगमध्ये हा पहिला धडा. रात्री परत बसून ॲरिझोनाची हरकत सिनेटने ९३-६ आणि प्रतिनिधीगृहाने ३०३-१२१ ने फेटाळली, मग पेनसिल्व्हेनियाची, आणि पहाटे पावणेचारच्या सुमारास बायडन ३०६-२३२ ने जिंकल्याचं जाहीर. आमच्याकडे दुपारचे दोन वाजून गेलेले, मी भाकरी टाकता टाकता बघत होते.

२०२२ च्या डिसेंबरात कायदा बदलला तो भाग गाईडने पाच मिनिटांत गुंडाळला आणि ही माझी तक्रार नंबर तीन, कारण मला तोच हवा होता. मीच प्रश्न विचारून विचारून काढून घेतलं. आता हरकत घ्यायला दोन्ही सभागृहांत पाचव्या हिश्शाच्या सह्या लागतात, म्हणजे २० सिनेटर आणि ८७ प्रतिनिधी. कारणं दोनच चालतात. उपराष्ट्राध्यक्षाने फक्त वाचायचं, ठरवायचं काही नाही. आणि राज्याच्या गव्हर्नरने इलेक्टर मत द्यायच्या ६ दिवस आधी प्रमाणपत्र द्यायचं, त्यावर वाद असेल तर तीन न्यायाधीशांपुढे झटपट सुनावणी आणि वर सुप्रीम कोर्ट. म्हणजे सहीच्या मागे जायचंय ना, जा, पण पेटी उघडायच्या आधी आणि कोर्टात. मी जावयांना म्हटलं बघा, तुमचंही बरोबर आणि माझंही. ते अजून क्लिफर्डच होते, त्यांनी मान हलवली नाही. ६ जानेवारी २०२५ ला बाहेर बर्फ पडत होता आणि आत कमला हॅरिस यांनी स्वतःचा पराभव, ३१२-२२६, अर्ध्या-पाऊण तासात वाचून संपवला. हरकत शून्य.

आपल्याकडे कसं असतं असं टेक्ससच्या काकांनी मला विचारलं. मी सांगितलं आमच्या राष्ट्रपतींच्या निवडणुकीत आमदार-खासदार मत देतात, पण भांडण झालं तर संसद नाही, थेट सुप्रीम कोर्ट, घटनेचं ७१ वं कलम. १९६९ च्या निवडणुकीवर खटला झाला तेव्हा राष्ट्रपती गिरी स्वतः कोर्टात साक्ष द्यायला गेले होते. काकांना खरं वाटेना, पदावर असताना? म्हटलं हो, पदावर असताना.

कुणी जावं? ज्यांना फोटो काढायचेत त्यांनी जाऊ नये, निम्मी टूर हवेतल्या गोष्टींवर आहे. १० वर्षांच्या खालची मुलं कंटाळतील, माझी नात ११ ची, तिला कार्डामुळे चाललं. गुडघे दुखत असतील तर काठी घ्या, बसायला बाक एकाच ठिकाणी आणि त्यावरही आयोगाचे चार सदस्य दगडाखाली बसलेले. बाथरूम वाटेत कुठेच नाही, निघतानाच उरकून घ्या. पाणी घ्या. टिप द्यावी लागते, आम्ही २० दिले, पेटीसाठी अजून दिले असते.

कार्डं शेवटी परत घेतात. परतीची मेट्रो ईस्ट फॉल्स चर्च स्टेशनला आली तेव्हा जावई पहिल्यांदा बोलले, आई, ऑरेगॉनला तरी इकडे यायचंत. मी पर्स उघडून रुमाल काढायला गेले तर ब्रॅडली माझ्याकडेच राहिलेले. कंपनीला मेल केलाय, उत्तर आलं की पोस्टाने पाठवते.